पहिला धडा, मुक्काम लासलगाव

आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या पाठ्यपुस्तकात सुरुवातीलाच रिकार्डो भेटतो: 1817 सालचा, पोर्तुगालची वाइन आणि इंग्लंडचं कापड घेऊन. ज्याला जे तुलनेनं स्वस्तात जमतं ते त्यानं विकावं, दोघांचंही भलं. उदाहरणात निवडणूक नाही, म्हणून गणित सुटतं. लासलगावचा अभ्यासक्रम जरा वरच्या इयत्तेचा. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात थेट बंदी. नाशिकच्या मतदानाला पंधरवडा उरला असताना, मे 2024 मध्ये, बंदी उठली. सोबत टनाला किमान 550 डॉलरची अट आणि पुन्हा तेच 40 टक्के. परदेशातलं गिऱ्हाईक तोवर काय आपल्या अधिसूचनेची वाट बघत बिनकांद्याचं जेवणार होतं? पण तो धडा परीक्षेला नसतो.