काळ्या पाण्याची फेरीबोट

सुरतेजवळच्या हजिऱ्याहून घोघ्याला जाणाऱ्या रो-पॅक्स बोटीत रोज किती धर्म बुडतो, याची नोंद कुठल्याच खात्यात होत नाही. ट्रक चढतात, मोटारी चढतात, लग्नाची वऱ्हाडे चढतात. 8 नोव्हेंबर 2020ला पंतप्रधानांनी ही सेवा सुरू केली, तेव्हा सरकारने हिशेब मांडला होता : रस्त्याने 370 किलोमीटर, पाण्याने 90. वाचलेल्या 280 किलोमीटरच्या डिझेलपुढे शास्त्राची काय मातब्बरी!

शास्त्र तसे कडक. बौधायन धर्मसूत्रात माणसाला पतित करणाऱ्या कर्मांच्या यादीत समुद्रप्रवास अगदी पहिला. प्रायश्चित्त तीन वर्षांचे : दिवस उभ्याने काढायचा, रात्र बसून. किनाऱ्या-किनाऱ्याने गेले तर दोष नाही, अशी पळवाट कोणी काढेलही. पण घोघा पडले आखाताच्या पलीकडे.

सुरतेचे आणि या नियमाचे नाते जुने. पेशवाईच्या आशेने रघुनाथरावांनी 1775मध्ये इंग्रजांशी केलेला तह सुरतेचाच. पुढे 1781च्या सुमारास त्यांनी हनुमंतराव नावाचा ब्राह्मण वकील पारशी सोबत्यासह लंडनला धाडला. तिथे एडमंड बर्कने, पुढे फ्रेंच क्रांतीविरुद्ध परंपरेची कैवारी लेखणी उचलणाऱ्या त्याच बर्कने, त्यांच्या सोवळ्यातल्या स्वयंपाकासाठी आपल्या बागेतले काचघर मोकळे करून दिले. विलायतेत सोवळे टिकले. ते मोडले घरी आल्यावर. परदेशवारीने बाटलेल्यांना शुद्ध करण्यासाठी सोन्याची योनी घडवली आणि तिच्यातून त्यांना पार काढून नवा जन्म दिला, असे विल्फर्ड नावाच्या प्राच्यविद्या अभ्यासकाने लिहून ठेवले आहे. गादीसाठी परक्यांची फौज घरात आणणाऱ्या धन्याला मात्र दुसरा जन्म घ्यायला कोणी सांगितले नाही.

सुरतेच्या महीपतराम रूपराम यांच्या वाट्याला सोनेही आले नाही. 1860मध्ये ते विलायतेला गेले, परतले आणि नागर ज्ञातीने त्यांना वाळीत टाकले.

गंमत पुढेच आहे. बौधायनाच्या त्याच यादीत, समुद्रप्रवासाला खेटून, ठेव गिळंकृत करणे आणि जमिनीबाबत खोटे बोलणे हीही पापे मोजली आहेत. त्यापायी कोणाचे पान पंगतीतून उठवल्याचे ऐकिवात नाही. जुन्या मूल्यांना मान द्यायचाच, तर या दोन ओळींपासून सुरुवात करायला हरकत नसावी. कचेऱ्यांतली वर्दळ थोडी घटेल, एवढेच.

आणि समुद्र हीच ज्यांची पिढीजात परंपरा? त्या हजिऱ्याच्या मच्छीमारांना, बंदराच्या विस्ताराने आपला रोजगार हिरावला, ही तक्रार घेऊन राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठापुढे उभे राहावे लागले. जानेवारी 2016मध्ये लवादाने विस्ताराची पर्यावरण मंजुरी रद्द केली, बंदराच्या कंपनीला 25 कोटी रुपये भरायला सांगितले. कंपनीने सर्वोच्च न्यायालय गाठले. परंपरा धोक्यात असल्याची हाकाटी करणाऱ्यांनी पुढचा मोर्चा काढण्याआधी लवादाचा हा निकाल एकदा वाचून काढावा.