मोजणीदार रसिक

पडदा वर गेला की बाकीचे गायकाकडे बघतात, मोजणीदार वाद्यांकडे. दोन तंबोरे, तबला, पेटी: मान डोलते. टाळ-पखवाज दिसला, तर अभंग आहे म्हणून माफी. पण कोपऱ्यात कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड दिसला, की षड्ज लागायच्या आत निकाल हातात: “गाण्याला चारच्या वर वाद्यं लागली, म्हणजे गळ्यात काही नाही.” दाखला ठरलेला, बालगंधर्वांचा. काय तो साधेपणा! आता गंधर्व नाटक मंडळीत साथीला ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा. असा साधेपणा परवडायला संस्थानच हवं. त्यातला ऑर्गन तर सरळसरळ विलायती, म्हणजे त्या काळचा कीबोर्डच. आणि मोजणीदार ज्या पेटीला आज सोवळ्यात बसवतात, तिच्यावर आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली होती; ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. तेव्हाच्या मोजणीदारांना तीच परकी आणि जास्तीची वाटत होती.

गोंगाटात शब्द बुडतात, ही त्यांची तक्रार मात्र खरी आहे. पण शब्द बुडवायला दहा वाद्यं लागतात कुठे? ध्वनिव्यवस्थावाल्याने मनावर घेतलं तर एकटी ढोलकी ते काम चोख करते. उलट शंकर-जयकिशनांकडे व्हायोलिनांची फौज असायची, तरी लताबाईंचा शब्द न् शब्द कळतो. गाण्याची ओळ आली की फौज मागे सरते, मधल्या जागेत हवा तेवढा धुमाकूळ घालते. बरं, कमी वाद्यांचं म्हणावं, तर गोंधळात संबळ, तुणतुणं आणि झांज रात्रभर पुरतात. ती तीनच आहेत म्हणून नाही. तुणतुण्याची एक तार सूर धरून बसते, संबळ लय पुढे रेटतं, झांज तिला धार लावते. कुणी कुणाच्या जागेत शिरत नाही. अशी वाटणी कानाने तपासावी लागते, आणि मोजायला डोळे पुरतात. म्हणून तर हा हिशेब एवढा लोकप्रिय. एकाच कीबोर्डातून बासरी, सतार, सारंगी निघू लागल्यापासून तोही अडखळायला लागलाय: हे एक धरायचं की तीन? गणपतीत तेवढी ही अडचण येत नाही. दारावरून पथक जातं, खिडक्यांची तावदानं थरथरतात, शेजारचं बाळ दचकून उठतं आणि मोजणीदार गॅलरीत समाधानाने उभे असतात. दोनच तर वाद्यं आहेत. ढोल आणि ताशा.