सेठ होण्याचे प्राथमिक पाठ

वडिलांनी राईस मिलच्या किल्ल्या हातात दिल्या आणि त्याच महिन्यात नागपूरच्या एखाद्या हॉटेलात नेतृत्वाची कार्यशाळाही उरकली, अशा होतकरू तरुणांसाठी हे पाठ आहेत. तालुका कुठलाही चालेल. 1999 साली भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात धानाची मिल आणि तिला सुधारायला निघालेला मुलगा तिरोड्यापासून देवरीपर्यंत सगळीकडे सापडतो.

लागणारं साहित्य: फिरती खुर्ची एक, एसी एक, नाव वल्हवणाऱ्या गोऱ्या लोकांचं पोस्टर एक. मिस्त्री, मुनीमजी, मुकादम, हमाल आणि रेजा मिलबरोबरच मिळतात; ते वेगळे आणावे लागत नाहीत. वडिलांनी त्यांना ‘माणसं’ म्हटलं असेल, तुम्ही ‘टीम’ म्हणा. पगार तोच राहतो, त्यामुळे या सुधारणेला खर्च नाही.

खुर्ची मिलपासून लांब, काचेच्या आड मांडावी. मालकाला दूरदृष्टी हवी आणि मिलमध्ये कोंडा डोळ्यांत जातो. फक्त एक अडचण आहे. मिल बिघडायला लागली की आधी तिचा आवाज बदलतो. पट्टा सैल झाला, रबर रोल झिजला, एलिव्हेटरच्या बादल्या कुठे घासू लागल्या, हे मिस्त्रीला दाराबाहेर चहा पिताना ऐकू येतं. तुम्हाला ते संध्याकाळी कळेल, कणीचा ढीग रोजच्यापेक्षा मोठा दिसल्यावर.

आता निर्णयक्षमता. ट्रक दारात उभा आहे आणि धान घ्यायचं की परत पाठवायचं, हे ठरवायचं आहे. तुमच्याकडे ओलावा मोजायचं यंत्र आहे, सरकारी खरेदीत 17 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो हेही तुम्ही पाठ केलेलं आहे. मुकादम मात्र चुंगडीत हात खुपसतो, दोन दाणे दाताखाली फोडतो आणि मान हलवतो. दाणा दबला तर ओला, कट्कन तुटला तर वाळलेला, फार सहज तुटला तर जास्तच वाळलेला. अशा दाण्याला आतून चिरा असतात आणि पॉलिशरमध्ये त्याची कणी होते. उन्हाळी धान इथेच दगा देतं. अरवा, म्हणजे न उकडलेला तांदूळ, काढायला गेलात की तुकडा वाढतो, म्हणून जाणकार ते उसन्यासाठी, म्हणजे उकड्या तांदळासाठी, ठेवतात. यंत्र आणि मुकादमाचा दात यांचं पटलं नाही तर यंत्र पुन्हा लावून बघा. तोपर्यंत कपाळाला आठ्या घालून विचार करत असल्यासारखं उभं राहावं; नेतृत्वाचा हा भाग सगळ्यांना लगेच जमतो.

उद्दिष्ट मोठं ठेवा, असं कार्यशाळेत सांगतात. ठेवा. पण सरकारी भरडाई करायची असेल तर ते तुमच्या आधी सरकारने ठरवून ठेवलेलं असतं: एक क्विंटल धानामागे 67 किलो अरवा तांदूळ, उसना असेल तर 68. उरलेल्यात तूस, कोंडा, कणी आणि घट. ‘आपण 70 करू शकतो!’ असं सकाळच्या सभेत जरूर म्हणा. टाळ्या मिळतील. मात्र धानाच्या दाण्यावर टरफल असतंच आणि ते सभेला आलेलं नसतं. मिलवाले वर्षानुवर्षं 67 सुद्धा सुटत नाही म्हणून भांडताहेत. त्यात तुमची प्रेरणा मिसळली तर हमालांची पाठ तेवढी जास्त दुखते. कारण एकूण तांदळाचा आकडा फुगवायचा उरलेला एकच मार्ग म्हणजे रात्रीची पाळी. धानाची चुंगडी 40 किलोची, तांदळाचं पोतं 50 किलोचं. नेतृत्वाच्या एकाही पुस्तकात हे वजन दिलेलं नाही. एकदा स्वतः एक पोतं उचलून थप्पीच्या चौथ्या थरावर टाकून पाहावं. हा स्वाध्याय ऐच्छिक आहे. तो केल्यावर बरेच विद्यार्थी आपली उद्दिष्टं आपोआप दुरुस्त करतात.

वाघासारखे व्हा, असंही तुम्हाला शिकवलेलं असेल. जवळ नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प असल्यामुळे इकडे हे उदाहरण फार चालतं. पण वाघ एकटा राहतो, पोट भरलं की झोपतो आणि त्याचा ट्रक कोणी उतरवत नाही.

सुट्ट्यांचा पाठ नीट लक्षात घ्या, कारण नवशिका सेठ इथेच आपटतो. आषाढ-श्रावणात रोवणी असते. तुमच्या निम्म्या माणसांना घरची बांधी असते, उरलेल्यांना दुसऱ्याच्या बांधीत मिलपेक्षा बरी मजुरी मिळते. त्या दिवसांत ‘निष्ठा’ या विषयावर भाषण देऊ नका, ऐकायला मुनीमजींशिवाय कोणी नसेल. दुसरी वेळ भाऊबिजेनंतरची. नवं धान मिलवर यायला लागतं, मालकाला दिवसरात्र एक करावीशी वाटते, आणि नेमक्या त्याच दिवसांत झाडीपट्टीतल्या गावोगावी मंडई भरते. दिवसा दंडार, पाहुणे, खरेदी, रात्रभर नाटक. सकाळी माणूस आलाच तर त्याचे डोळे लाल असतात, आणि अशा माणसाला पट्ट्याजवळ उभं करणं हा गुन्हा आहे. कायद्याचं कलम सोडा, माझ्या मते तरी. वडील काय करायचे? मुकादमाला बसवून कोणत्या गावची मंडई कोणत्या दिवशी ते विचारायचे आणि पाळ्या तशा लावायचे. तुम्ही याला ‘मनुष्यबळ नियोजन’ म्हणू शकता.

‘टीम बिल्डिंग’साठी सगळ्यांना रिसॉर्टवर नेऊन दोरी ओढायला लावण्याचा विचार असेल तर सोडून द्या. दिवसभर पोती ओढणाऱ्यांना त्यात नवल वाटत नाही. मंडईला बोलावलं तर जा. जेवा. नाटकाला वर्गणी मागितली तर द्या, फक्त मंचावर सत्कार घेऊ नका.

माणसांना त्यांच्या चुका सांगाव्यात, हा आणखी एक लाडका धडा. यासाठी जिल्ह्यातल्या बिडी धंद्याकडे बघा. बाई घरी बसून हजार बिड्या वळते, ठेकेदार त्यातल्या काही नापास करतो. या नापास बिड्यांना छाट म्हणतात. छाटेची मजुरी मिळत नाही, पान-तंबाखूही गेलेला असतो; पण नापास बिडी तिला परत दिली जात नाही, ती कुठेतरी ओढली जातेच. हा जुलूम इतका सर्रास होता की 1966 च्या बिडी कामगार कायद्याखालच्या नियमांत छाटेला मर्यादा घालावी लागली. तुमच्या मिलमध्ये अशी छाट कुठल्या नावाने चालते ते शोधा. फाटलेल्या बारदान्याचे पैसे हमालाच्या हिशेबातून कापले जात असतील तर तीच ती. बारदाना जुना तुम्हीच घेतला होता.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. फिरत्या पट्ट्यांना आणि पुलींना जाळी हवी, हे 1948 च्या कारखाना कायद्यानेच सांगून ठेवलं होतं. एलिव्हेटरच्या खड्ड्यात उतरण्याआधी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली खड्ड्यात उतरणाऱ्याच्याच खिशात ठेवायची. ‘सेफ्टी फर्स्ट’चा बोर्ड यानंतर लावावा, आधी लावल्यास जाळी कायमची राहून जाते.

पगाराबद्दल आणखी थोडक्यात: ठरलेल्या दिवशी.

हे सगळं झाल्यावर कार्यशाळेचं बिल मुनीमजींकडे द्या. ते चष्मा वर करून विचारतील, कुठल्या खात्यात टाकू? प्रशिक्षणाचं खातं वडिलांच्या वहीत नाही. गडबडू नका, त्यांच्यावर सोपवा. ते ती रक्कम घटीत लिहितील. धान वाळताना नाहीतरी दरवर्षी एवढी जातेच.