रेंजकाका

रेंजकाका बॅलार्ड पिअरवर जहाजात चढतात तेच मुळी ‘आता पाच दिवस मी नॉट रीचेबल’ असं जाहीर करत. हे जाहीर करायला त्यांना चार ग्रुप लागतात: सोसायटीचा, शाळेच्या बॅचचा, सासरवाडीचा आणि निवृत्तीनंतरही न सोडलेला ऑफिसचा. ‘लक्षद्वीपला चाललोय. जरा डिटॉक्स.’ खाली हात जोडलेले आणि जहाजाचा फोटो. मग लाइफ जॅकेटची कवायत सुरू होते. प्रसंग आला तर कुठल्या होडीपाशी जमायचं, हे काकांना शेवटपर्यंत कळत नाही. पण त्यांच्या मेसेजवर किती अंगठे आले ते विचारा, आकडा तोंडपाठ.

संध्याकाळी जहाज हलतं. गेटवे मागे पडतो, प्राँग्सचा दीपस्तंभ येतो. डेकवरची सगळी मंडळी सूर्यास्ताकडे तोंड करून उभी; काका एकटे मुंबईकडे. कारण टॉवर तिकडे. मोबाइलचा टॉवर हा जमिनीवरच्या गिऱ्हाइकासाठी असतो. समुद्राच्या वाट्याला त्याची उधळमाधळ येते, ती पण काही किलोमीटरच. ‘तीन दांड्या... दोन...’ असा पुकारा करत काका जहाजाच्या पार शेपटाकडे चालत जातात. जहाज दक्षिणेला, काका उत्तरेला. जहाजाची लांबी संपते आणि खांदेरीच्या पुढे कुठेतरी शेवटची दांडीही जाते.

‘गेली,’ काका म्हणतात.

‘कोण?’ शेजारच्या बाई दचकून रेलिंगखाली बघतात.

केबिनमध्ये आणखी वाईट अवस्था. भिंती पोलादी, आणि काकांनी पैसे वाचवून बिनखिडकीची आतली केबिन घेतलेली. पण अचानक फोनवर भरघोस दांड्या उगवतात! नाव मात्र अनोळखी परदेशी कंपनीचं. काका घाईघाईनं रिसेप्शन गाठतात. तिथे रत्नागिरीकडचा एक हसतमुख पोरगा बसलेला असतो. तो समजावतो, ‘काका, हे जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क. किनाऱ्यापासून लांब आलं की सुरू होतं आणि सॅटेलाइटवरून चालतं. तुमचा घरचा रिचार्ज इथे चालत नाही, रोमिंगचं बिल येईल. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि आमचं वायफाय घ्या.’

‘एअरप्लेन मोड? आपण काय विमानात बसलोय?’

‘नाही काका, पण बिल विमानाचं येईल.’

मग पॅकेजची चौकशी. नुसत्या मेसेजपुरतं एक, व्हिडिओसकट एक. काकांचे प्रश्न ठरलेले: ज्येष्ठ नागरिकांना सवलत? रात्री झोपतो त्या वेळेचे पैसे वजा? एका पॅकेजवर एकच फोन, म्हणजे काकूंना बघायचं तर काकांनी आधी बाहेर पडायचं. चाळीस वर्षांच्या संसारात हा प्रसंग काकांवर पहिल्यांदाच येतो. शेवटी व्यवहार ठरतो. काका बँकेचं कार्ड काढतात आणि बँक ओटीपी पाठवते. तो अर्थातच येत नाही. पैसे भरायला ओटीपी हवा, ओटीपीला रेंज हवी, आणि रेंज असती तर पैसे कशाला भरले असते, हा युक्तिवाद काका इतक्या खणखणीत आवाजात मांडतात, की मागच्या रांगेतले दोघे टाळ्या वाजवतात. पोरगा शांतपणे रोख पैसे घेतो.

वायफाय लागतं. काका सोफ्यावर बसून वाट बघतात, काहीच हलत नाही. कारण मालकाला काही कळायच्या आत फोननंच जेवायला सुरुवात केलेली असते. सकाळपासूनचे सगळे फोटो बॅकअपला निघालेले, त्यात भाच्याच्या लग्नाचा अडकलेला व्हिडिओ आणि सतरा ॲपची अपडेट. ‘काका, हे सगळं आधी बंद करा,’ पोरगा सांगतो. पोरगा नऊ-नऊ महिन्यांच्या करारावर काम केलेला. बंदर लागलं की फुकटचं वायफाय कुठल्या दुकानाच्या पायरीवर पकडतं, हे त्याला पाठ आहे. खलाशांना जहाजावर इंटरनेट मिळावं आणि त्याचे पैसे लावलेच तर वाजवी असावेत, हे आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात लिहून यायला २०२२ साल उजाडलं आणि अमलात यायला २०२४चा डिसेंबर. पोरगा घरी बोलतो ते मोजकं: आईचं गुडघ्याचं औषध, धाकट्या बहिणीची फी. त्यानं कधी कुठल्या ग्रुपवर डिटॉक्स जाहीर केलेला नाही.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला काका तज्ज्ञ झालेले असतात. ‘जुन्या पद्धतीचा सॅटेलाइट असतो वर ३५,७८६ किलोमीटरवर,’ काका इडलीचा तुकडा तितक्याच उंचीवर नेऊन सांगतात. ‘आपलं बोलणं तिथे चढणार, खाली उतरणार, उत्तर पुन्हा चढणार, पुन्हा उतरणार. अर्धा सेकंद गेलाच. स्टारलिंकचे असतात साधारण ५५० किलोमीटरवर. रॉयल कॅरिबियननं २०२२ मध्येच ते आपल्या जहाजांवर लावायला घेतले.’ सांबार गार होतं.

हा अर्धा सेकंद मेव्हण्याच्या व्हिडिओ कॉलमध्ये दिसतो. ‘हॅलो’वर ‘हॅलो’ आदळतं. दोघं एकदम थांबतात, ‘बोला, बोला’ असं एकदम म्हणतात, पुन्हा थांबतात. या दोघांनी एकमेकांना बोलू देण्याची ही पहिलीच वेळ. वेळ रात्रीची, पण समुद्र दाखवायचाच असतो. काका फोन रेलिंगबाहेर धरतात.

‘दिसतंय का?’

‘काळं दिसतंय नुसतं.’

‘तोच समुद्र!’

ही खाज आजकालची नाही. १९१२ साली टायटॅनिकवर मार्कोनी कंपनीचे दोन तारायंत्री होते आणि त्यांच्यापुढे प्रवाशांच्या खासगी निरोपांचा ढीग. दर होता पहिल्या दहा शब्दांना १२ शिलिंग ६ पेन्स. त्या रात्री जवळच्या एका जहाजाचा तारायंत्री बर्फाबद्दल सांगायला मध्ये आला, तर त्याला ‘गप्प बस, कामात आहे’ असं उत्तर मिळालं. ते काम म्हणजे हेच निरोप किनाऱ्यावर पोचवणं. काकांना ही हकिगत सांगितली तर ते गंभीर होतात आणि विचारतात, ‘अकराव्या शब्दाला किती पडायचे?’

नऊ पेन्स.

काकांचं पॅकेज संपतं आणि पुढे अगत्ती येतं. छोट्या होड्यांतून मंडळी बेटावर उतरतात. लक्षद्वीपला पूर्वी जगाशी बोलायला सॅटेलाइटशिवाय वाट नव्हती. २०२४च्या जानेवारीत कोचीहून समुद्राच्या तळानं टाकलेल्या ऑप्टिकल फायबरचं उद्घाटन झालं. म्हणजे महागड्या जहाजावरच्या काकांपेक्षा बेटावरचा नारळवाला जास्त रीचेबल. बाकीचे निळ्या पाण्यात शिरून मासे बघतात. काका गुडघाभर पाण्यात उभे, फोन वर धरून. आणि मेसेजचा पाऊस सुरू होतो.

काका भराभर खाली सरकतात. ‘काका कुठे आहेत’ असं कुणी विचारलेलं नाही. बॅचच्या ग्रुपवर कुणाचा तरी वाढदिवस, सासरवाडीत हरवलेल्या मांजराचा शोध. ऑफिसवाल्यांना तर काका अजून ग्रुपमध्ये आहेत हेच ठाऊक नसावं. मग सोसायटी. काकांनी तीन वर्षं अडवून धरलेला पार्किंगचा ठराव एकमतानं मंजूर! खाली सेक्रेटरींची टीप: ‘काका नॉट रीचेबल असल्याचे त्यांनीच कळवले आहे, तरी त्यांची संमती गृहीत धरली आहे.’ त्यावर सत्तावीस अंगठे.

काका तिथेच, पाण्यात, हरकतीचे मुद्दे लिहायला घेतात. सहावा मुद्दा संपतो तोवर परतीच्या होडीची हाक येते. सातवा ते होडीत, एका हातानं लाइफ जॅकेट आवळत पुरा करतात आणि जहाजावर पाय ठेवता ठेवता पाठवतात. मेसेजखाली घड्याळाचं चिन्ह. काका ओल्या चपलांनी थेट रिसेप्शनवर.

‘सगळ्यात मोठं पॅकेज दे. आत्ता.’

‘काका, डिटॉक्स?’

‘झाला तो!’

काकू मागून टॉवेल घेऊन येतात. ‘अहो, पण एवढं काय त्या पार्किंगचं? आपल्याकडे गाडी कुठे आहे?’

‘गाडीचा प्रश्नच नाही,’ काका पैसे मोजत म्हणतात, ‘तत्त्वाचा आहे.’