मैया उजव्या हाताला

सकाळी पावणेसातला अहमदाबादेत, सुभाष ब्रिजजवळच्या नदीकाठच्या बागेत, आमच्या गाइडभाईंनी एक वाक्य उच्चारलं आणि आमच्या सहलीचे दोन तट पडले. वाक्य अभिमानाचं होतं. नदीकडे हात करून ते म्हणाले, ‘ये जो पानी आप देख रहे हो ना, वो साबरमती का नहीं है. नर्मदा मैया का है!’

आम्ही सव्वीस जणांनी ‘अरे वा!’ म्हटलं. सत्ताविसाव्या मैयाकाकू. त्या मटकन बाकावर बसल्या.

मैयाकाकूंचं खरं नाव डोंबिवलीच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर आता कुणी घेत नाही. गेल्या हिवाळ्यात त्यांनी ओंकारेश्वरहून पायी परिक्रमा उचलली. दक्षिण तटानं बडवानीजवळच्या राजघाटापर्यंत गेल्या आणि तिथे डाव्या गुडघ्यानं असहकार पुकारला. यंदा चातुर्मास संपला की राजघाटापासून पुढे. तोवर संकल्प चालूच, असं त्यांचं म्हणणं. शास्त्राप्रमाणे परिक्रमेला ३ वर्षं, ३ महिने आणि १३ दिवस लागतात, त्यामुळे त्यांना घाई नव्हती. नियम दोनच, पण कडक. मैया कायम उजव्या हाताला हवी आणि तिचा प्रवाह ओलांडायचा नाही.

‘मग भरूचचं काय?’ असं चाणाक्ष वाचक विचारील. डोंबिवलीच्या माणसाला अहमदाबादेला जायचं तर भरूचला नर्मदा ओलांडावीच लागते. काकूंनी त्याची तजवीज आधीच केली होती. फोनवर कुणा महाराजांना विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं, ‘झोपेत ओलांडली तर मैया मनावर घेत नाही.’ म्हणून गुजरात मेलमध्ये वापी गेल्या गेल्या त्यांनी पांघरूण डोक्यावरून घेतलं, ते अहमदाबादचे हमाल डब्यात शिरेपर्यंत काढलं नाही. मी मात्र भरूचला जागा होतो. मोठ्या नदीच्या पुलावर गाडी धडधडायला लागली की खिडकीतून नाणं टाकायचं, ही माझी लहानपणापासूनची सवय. बायको म्हणते, आतापर्यंत टाकलेल्या नाण्यांत वातानुकूलित डब्याचं तिकीट आलं असतं. पण त्या डब्याची खिडकी उघडत नाही, हे ती लक्षात घेत नाही.

तर अशा बंदोबस्तानं आलेल्या बाईला इथे सकाळी सकाळी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, मैया भेटली. शिवाय बाई झोपलेलीही नव्हती.

‘तुम्ही उगाच घाबरताय,’ अण्णा म्हणाले. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण पाणी त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. ‘सरदार सरोवरापासून राजस्थानच्या सीमेपर्यंत ४५८ किलोमीटरचा मुख्य कालवा आहे. त्यातलं पाणी वर साबरमतीत सोडतात. खाली वासण्याचा बंधारा घालून ते अडवलंय. दोन्ही बाजूंना भिंती. आमच्या खात्यात याला नदी म्हणत नाहीत, टाकी म्हणतात. टाकी ओलांडायला काय हरकत आहे?’

‘उपनद्या ओलांडल्या तर चालतं ना?’ कुणीतरी तडजोड सुचवली.

‘उपनदी वेगळी,’ अण्णांनी आपल्याच बाजूला भोक पाडलं. ‘उपनदी मुख्य नदीला पाणी देते. कालवा घेतो. घेणाऱ्याला नातेवाईक म्हणत नाहीत.’

‘म्हणतात की,’ मागून तिघीजणी एकदम म्हणाल्या.

काकू शांतपणे म्हणाल्या, ‘अण्णा, काशीहून लोट्यातून गंगा आणली तर तिला तुम्ही लोट्याचं पाणी म्हणता का?’

अण्णांनी आयुष्यात मंत्र्यांना उत्तरं दिली होती, पण याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. काल रात्री हॉटेलच्या नळाला आलेलं पाणीही बहुधा नर्मदेचंच असणार, अशी पुस्ती कुणीतरी जोडली. त्यावर काकूंनी गुडघ्यावरून हात फिरवला. ‘तरीच सकाळपासून हलका वाटतोय.’

निर्णय झाला. नदी ओलांडायची नाही आणि ती उजव्या हाताला ठेवायची. पहिल्या कलमाची कुणाला झळ नव्हती. दुसरं महागात पडलं. साबरमती उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. आम्ही पश्चिम काठावर. गाइडभाईंचा बेत असा, की इथून दक्षिणेला उस्मानपुऱ्याच्या बागेपर्यंत पायी, तिथून बसनं एलिस ब्रिजपलीकडच्या फ्लॉवर पार्कात आणि शेवटी अटल ब्रिज. म्हणजे संपूर्ण वाटेवर मैया डाव्या हाताला. काकूंनी बेत उलटा फिरवायला सांगितला. गाइडभाई हात जोडून म्हणाले, ‘बा, बस तो नीचे उस्मानपुरा में खडी है.’

‘ठीक आहे,’ काकू म्हणाल्या, वळल्या आणि उलट चालू लागल्या. तोंड उत्तरेला, पाय दक्षिणेला, नदी उजव्या हाताला. भूगोल, धर्म आणि वेळापत्रक, तिघांचंही समाधान. शिवाय उलट चालणं गुडघ्याला चांगलं असतं, असं फिजिओथेरपीवाल्या मुलीनं त्यांना सांगितलं होतंच.

यातून जे होणार होतं ते आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. गाइडभाई सगळ्यात पुढे, आमच्याकडे पाठ करून चालत होते. त्यांच्यामागून काकू, आमच्याकडे तोंड करून. माणूस पाठीचं ऐकत नाही, तोंडाचं ऐकतो. दहा मिनिटांत काकू आमच्या गाइड झाल्या. पाठीमागून येणारं हिंदी त्या कानानं टिपायच्या आणि समोर मराठीत सोडायच्या. मधल्या मध्ये काही मजकूर गळायचा, काही वाढायचा.

गाइडभाई सांगत होते, की ही नदी पूर्वी वर्षातले कित्येक महिने कोरडी असायची. पात्रात मुलं क्रिकेट खेळायची, सर्कशीचे तंबू पडायचे, कपडे धुतले जायचे, भाजी पिकायची. दोन्ही काठ बांधून काढायची कल्पना १९६० च्या दशकात बर्नार्ड कोन नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदानं मांडली. काकूंच्या मराठीत त्याचं ‘एक फ्रेंच परिक्रमावासी इथे आला होता’ असं झालं. कल्पना निघाल्यावर तीसेक वर्षं कागद हलले. १९९७ मध्ये स्वतंत्र कंपनी निघाली, २००५ मध्ये काम सुरू झालं, २०१२ पासून लोक फिरायला लागले. आराखडा बिमल पटेल यांचा. इथे काकूंनी काहीही बदललं नाही, फक्त ‘आमच्या सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंगही १९९७ पासूनच चाललंय’ एवढी भर घातली.

समोरून सकाळच्या फेरीला आलेले लोक आधी दचकायचे, मग काकूंभोवतीचा जमाव पाहून थांबायचे. काठेवाडी पागोट्यातल्या एका आजोबांनी त्यांनाच विचारलं, ‘बेन, पाणी पीवानुं क्यां छे?’ काकूंनी न वळता खांद्यावरून अंगठा मागे केला. नळ नेमका तिथेच होता. आजोबांनी नमस्कार केला. गाइडभाईंचा चेहरा पडलेला मला मागूनसुद्धा दिसला.

मग आमच्या माणसांनी त्यांना आणखी त्रास दिला. गांधीजींचा आश्रम इथून हाकेच्या अंतरावर. १९१७ मध्ये तो साबरमतीच्या काठी आला, ही माहिती गाइडभाईंनी द्यायचा अवकाश, आमच्यातून मराठी नावांचा मारा सुरू झाला. विनोबांची कुटी दाखवणार ना? आश्रमात प्रार्थना सांगणारे पंडित खरे माहीत आहेत ना? काका कालेलकर साताऱ्याचे, बरं का! गाइडभाईंनी मान्य केलं, पण गांधीजी कालेलकरांना ‘सवाई गुजराती’ म्हणायचे, हेही सांगितलं. सामना बरोबरीत. कालेलकरांनी नद्यांवर ‘लोकमाता’ हे पुस्तक गुजरातीत लिहिलं, असं मी सांगितलं. काकू चालता चालता थांबल्या. ‘आता ते असते ना, तर त्यांनी अण्णांना बरोबर समजावलं असतं.’

त्यानंतर मावळंकरांवरून जुंपली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष. गाइडभाई म्हणाले, ‘दादासाहेब तो पक्के अमदावादी!’ आमचे कोकणातले सभासद म्हणाले, घराणं रत्नागिरी जिल्ह्यातलं. दोन्ही खरं आहे. पण खरं दोन्ही बाजूंना असलं की भांडण लवकर मिटत नाही. उस्मानपुऱ्याची बाग त्या भांडणात कधी आली आणि कधी मागे गेली, मला सांगता येणार नाही. हिरवळ होती एवढं आठवतं.

बसमध्ये काकू ड्रायव्हरच्या मागच्या, उलट्या तोंडाच्या सीटवर बसल्या. ती सीट नेहमी कुणालाच नको असते.

फ्लॉवर पार्कात मात्र सगळ्यांचे तट विरघळले. नदी समोर असताना जी माणसं एकमेकांची तोंडं बघत होती, ती रोपांसमोर गप्प झाली. काही काळच. मग ‘काडी मिळेल का हो?’ सुरू झालं. मराठी बाईला बागेत फूल दिसलं की ते बघायच्या आधी त्याची फांदी लागते का, हा प्रश्न पडतो. शिट्टीवाला पहारेकरी एकीला हटकायला वळला, की दुसरी वाकायची. आमच्या सौ.नी चहाचा थर्मास रिकामा का करून घेतला, ते मला डोंबिवलीला कळलं. त्यातून बोगनवेलीच्या तीन काड्या निघाल्या. एक लागली आहे.

मी एका बाकावर बसून नदीकडे बघत होतो. पात्र एकसारखं आखलेलं. काठावर काँक्रीटच्या पायऱ्या, फरशी, कठडे, दिवे, सगळं चकचकीत. आमच्या डोंबिवलीच्या खाडीकडे पाहिलं की जी लाज वाटते, ती इथे अजिबात वाटत नाही, हे कबूल केलं पाहिजे. तरी काहीतरी चुकत होतं. आपण सांगली-वाईची माणसं घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडतो. इथे खालच्या वाटेवर उभं राहिलं, तरी पाणी भिंतीखालीच. बघायचं, शिवायचं नाही. नदी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या काचेच्या भांड्यासारखी झाली आहे. आणि हा काठ मोकळा व्हावा म्हणून पात्रालगतच्या झोपड्यांतली हजारो कुटुंबं शहराच्या कडेला हलवली गेली. जिने इथे चूल मांडली होती, तिला आता इथे यायला बस पकडावी लागत असेल. हे मी शेजारी बसलेल्या, आमच्या कट्ट्याच्या खजिनदारांना सांगितलं. ते म्हणाले, ‘बागेचं तिकीट इथे ज्येष्ठांना वेगळं आहे का, ते आधी विचारून या.’

अटल ब्रिज बागेच्या शेजारूनच निघतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये खुला झाला. ३०० मीटर लांब, फक्त पायी चालणाऱ्यांसाठी, वरचं छत पतंगासारखं रंगीत. अहमदाबादेत पूलसुद्धा संक्रांतीला उडेल असा बांधतात. मध्ये काही ठिकाणी पायाखाली काच आहे. आमच्यातले बरेच जण तिला वळसा घालून गेले. ज्यांच्या पोटात सकाळचा फाफडा होता, त्यांनी जास्तच लांबून वळसा घातला.

काकू अलीकडेच थांबल्या. ‘बा, टिकट तो सब का निकल गया,’ गाइडभाई कळवळून म्हणाले. काकूंचा चेहरा हलला नाही, पण खजिनदारांचा हलला. काकू म्हणाल्या, ‘सगळ्यांच्या पिशव्या द्या इकडे. मी सांभाळते.’ सव्वीस पिशव्यांच्या मधोमध त्या बसल्या. पुलाच्या मध्यावरून मागे पाहिलं, तर त्या एखाद्या धर्मशाळेच्या व्यवस्थापिकेसारख्या दिसत होत्या. काचेतून खाली पाणी संथ होतं. ते कुणाचं, हे पाण्याला विचारून कळण्यासारखं नव्हतं. अण्णा कठड्यावरून वाकून म्हणाले, ‘प्रवाह आहे का बघा. दिसतोय? मी काय म्हणत होतो?’

अर्ध्या तासानं परत आलो, तर काकू बाकावर मान कलंडून झोपल्या होत्या. पिशव्या शाबूत.

खजिनदारांचे डोळे चमकले. ते माझ्या कानाशी लागले, ‘झोपल्यात तोवर व्हीलचेअरवर घालू आणि पलीकडे नेऊन आणू. झोपेत दोष नाही, त्यांच्याच महाराजांनी सांगितलंय. तिकीट वसूल होईल.’ गाइडभाई खुर्ची आणायला धावलेसुद्धा. अण्णा म्हणाले, जाताना झोपल्या असल्या तरी येताना जाग्या झाल्या तर पलीकडच्या काठावर अडकतील, मग राजघाटावरून नव्हे, त्यांना इथूनच परिक्रमा करावी लागेल. यावर बारीक आवाजात चर्चा चालू असतानाच काकूंनी एक डोळा उघडला.

‘मी जागी आहे,’ त्या म्हणाल्या, आणि डोळा मिटला.

परतीची गाडी रात्रीची होती. काकूंनी नडियादलाच पांघरूण ओढून घेतलं. गाइडभाई स्टेशनवर पोचवायला आले होते. शेवटी त्यांनी वाकून नमस्कार केला तो फक्त काकूंना, आणि त्यांचा फोन नंबरही मागून घेतला.

भरूच आलं तेव्हा डब्यातले सगळे दिवे बंद होते. धडधड सुरू झाली. बाहेर काळ्याकुट्ट अंधारात नर्मदा. शेजारी १८८१ चा गोल्डन ब्रिज असणार, पण दिसत काही नव्हतं. मी खिडकी अर्धी वर केली, खिसा चाचपला, नाणं काढलं.

समोरच्या बर्थवरच्या पांघरुणातून एक हात बाहेर आला. तळव्यावर पाच रुपयांचं नाणं.

‘माझ्याही नावानं टाका,’ पांघरूण म्हणालं. ‘मी झोपलेय.’