मातीत पैसे घालणारे वेडे

गोंदियातल्या कामठ्याकडे घरे बांधायची ती उन्हाळ्यात. धान निघालेले असते, बांध्या कोरड्या पडलेल्या असतात, मजूर मोकळे असतात. एप्रिलच्या एखाद्या सकाळी जुन्या बांधीत चुन्याच्या रेषा पडतात, कॉलमचे खड्डे सुरू होतात. चार फुटांवर कुदळ खणखणते आणि मिस्त्री सांगतो, "टणक लागलं जी. भरा आता." अशा वेळी एखादा घरमालक म्हणतो, "आणखी दोन फूट जाऊ. आणि आज भरायचं नाही." तो टाकीभर पाणी मागवून त्या खड्ड्यात ओततो आणि घरी निघून जातो. रस्त्याने जाणारा थांबून विचारतो, "येडा झाला का हा? पैसे मातीत घालून राहिला."

हा लेख त्या येड्याच्या स्तुतीसाठी आहे. गाव त्याला जे म्हणते तेच मीही म्हणतो, फक्त हा शब्द मी पदवीसारखा वापरतो आहे. पैसे मातीत घालणे म्हणजे वाया घालवणे, असे आपली भाषा सांगते. घराचा पैसा मात्र आधी मातीतच जायला हवा. तिथे तो पुरेसा गेला नाही, तर पुढे टाईल्सवर, रंगावर आणि गच्चीच्या कठड्यावर केलेल्या खर्चाला आधार उरत नाही.

धानाच्या मुलखात हा वेडेपणा अधिकच लागतो, कारण धानाला हवी ती माती घराला नको असते. चिखलणी म्हणजे मातीची ताकद मुद्दाम मोडण्याचे काम. शेतकरी पाणी साठवतो, ढेकळे फोडतो, कण सुटे करतो. मातीचा असा लोण्यासारखा गाळ झाल्याशिवाय पऱ्हे बोटाने खोचता येत नाहीत. याच कामात नांगराच्या तळाखाली, वीत-दीड वीत खोलीवर, बैलांच्या खुरांनी आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी वर्षानुवर्षे चेपून एक घट्ट थर तयार होतो. पाणी खाली जिरू न देणारा हा थर म्हणजे बांधीचा खरा ठेवा, तो पिढ्यांच्या मेहनतीतून येतो. पण कुंपणाची भिंत किंवा गोठा उभारताना त्याच थरावर कुदळ वाजते आणि बांधणारा समजतो की पक्की जमीन लागली. थर पातळ असतो, खाली मऊ माती असू शकते. शिवाय पावसाळ्यात तो पाणी अडवतो आणि ते पाणी पायाला टेकून उभे राहते.

दुसरी गोष्ट बांधी कशी सपाट झाली याची. जमीन उताराची असते, वरच्या अंगाची माती कापून खालच्या अंगाला ओढलेली असते. त्या बांधीचा प्लॉट पडला की घराचे दोन कॉलम मूळ जमिनीवर बसतात आणि दोन भरावावर. सगळे घर सारखे खचले तर फार बिघडत नाही. एक कोपरा बसला आणि दुसरा बसला नाही, की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. ती भेग सिमेंटने बुजवणारे पुष्कळ भेटतात. बांधी सपाट व्हायच्या आधी उतार कोणत्या अंगाला होता, हे म्हाताऱ्या शेजाऱ्याला विचारायला जाणारा एखादाच असतो. त्याचा मला आदर वाटतो. त्या एका प्रश्नाला पैसाही लागत नाही.

मातीची ताकद येते कुठून? शार्ल कुलोंब हा फ्रेंच लष्करी अभियंता मार्टिनिक बेटावर आठेक वर्षे किल्ला बांधण्यात गुंतला होता. परतल्यावर १७७३ साली त्याने पॅरिसच्या अकादमीपुढे मांडले की मातीचा जोर दोन गोष्टींवर असतो: कणांचा चिकटपणा आणि कणांमधले घर्षण. पाण्याचा हिशेब राहिला होता, तो कार्ल टेर्झागीने १९२५ सालच्या आपल्या ग्रंथात नीट बसवला. ओल्या मातीवर भार आला की त्यातला काही भार कणांमधले पाणी उचलते. पाण्याने जेवढा उचलला तेवढे कण एकमेकांवर कमी दाबले जातात आणि घर्षण तेवढे घटते. रोवणीला उतरलेल्या बाईचा पाय पोटरीपर्यंत जातो तो म्हणूनच.

उन्हाळ्यात याच्या उलट घडते. कणांच्या फटीत उरलेले थोडे पाणी त्यांना एकमेकांकडे ओढून धरते, माती विटेसारखी कडक होते. एप्रिलमधल्या कुदळीचा आवाज हा त्या उसन्या ताकदीचा आवाज आहे. जुलैत पाणी भरले की ती ओढ संपते. घराला मात्र दर जुलै त्याच मातीवर काढायचा असतो. खड्ड्यात पाणी ओतणारा वेडा एप्रिलमध्येच जमिनीला जुलै दाखवून घेतो. मोठ्या इमारतीला एवढ्याने भागत नाही, तिथे रीतसर तपासणीच हवी. पण दोन खोल्यांचे घर बांधणारा माणूस निदान एवढे तरी करू शकतो, आणि ते करणाऱ्याला हसणे मला सहन होत नाही.

आपल्याकडे मातीला जुनी नावे आहेत: कन्हार, मोरांड, सिहार, बर्डी. ही पिकासाठी दिलेली नावे, पण पाया खोदणाऱ्यालाही ती पुष्कळ सांगतात. कन्हार काळी आणि भारी, वाळली की भेगाळते, भिजली की फुगते. फुगणारी माती हलके घर खालून उचलते. ती किती फुगेल हे पाहण्याची प्रमाणित चाचणी स्वयंपाकघरात शोभावी इतकी साधी आहे. चाळलेली वाळकी माती दहा-दहा ग्रॅम, १०० मिलिलिटरच्या दोन नळ्यांत. एकीत शुद्ध पाणी, दुसरीत रॉकेल. चोवीस तास थांबायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतला फरक म्हणजे त्या मातीचा स्वभाव. अशा जमिनीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी घंटेसारखा फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरणारे खांब, विकसित केले. वरचा थर ओला-वाळला होत राहतो, पाइल त्याच्या खालच्या स्थिर थरात रुतून बसतो.

खोल का जायचे, याचे मला पटलेले उत्तर धान्याच्याच एका कोठारात आहे. कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथे १९१३ साली गव्हाचे प्रचंड कोठार उभे राहिले. पाया २३ मीटर रुंद आणि ५९ मीटर लांब असा एकच सलग काँक्रीटचा. जमीन तपासली होती, पण वरवर. वरची चिकणमाती घट्ट निघाली. १८ ऑक्टोबरला, कोठार भरत आलेले असताना, ते तासाभरात फूटभर खचले आणि पुढच्या चोवीस तासांत जवळपास २७ अंशांनी कलले. काँक्रीट शाबूत होते. घट्ट थराखालच्या मऊ मातीने मान टाकली होती. चौकोनी पायाचा भार त्याच्या रुंदीच्या साधारण दुप्पट खोलीपर्यंत जाणवतो. जमीन तपासताना फूटभर पाटीवर वजन ठेवून पाहिले तर दोन फुटांपर्यंतची माती बोलते. कोठाराने त्याच्या कितीतरी खालच्या मातीला विचारले.

म्हणूनच भोक पाडून खोलवर नमुने घेणारे लोक मला आवडतात. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडायचा, पुन्हा उचलायचा, पुन्हा सोडायचा. पहिले १५ सेंटिमीटर मोजायचे नाहीत, कारण भोक पाडताना ती माती हललेली असते. पुढच्या ३० सेंटिमीटरला किती ठोके लागले ते लिहायचे. मग आणखी खाली. दिवसभर एक माणूस उन्हात ठोके मोजत बसलेला दिसतो आणि बघणाऱ्याला वाटते की याला दुसरे काम नाही.

थांबण्याचा वेडेपणा तर आणखी अवघड. ओल्या चिकणमातीतले पाणी भाराखाली हळूहळू बाहेर पडते आणि ते जाईल तशी माती घट्ट होते. पिसाचा मनोरा ११७३ साली सुरू झाला आणि तिसऱ्या मजल्याच्या सुमाराला काम जवळजवळ शंभर वर्षे थांबले. त्या काळात खालची माती दबून बळकट झाली. सलग बांधला असता तर तो तेव्हाच पडला असता, असे नंतरच्या अभियंत्यांचे गणित सांगते. आपण भराव टाकलेल्या प्लॉटला एक पावसाळासुद्धा देत नाही. ट्रॅक्टरने मुरूम एका दमात ओततो, थर देऊन दाबत नाही, आणि पुढच्या महिन्यात त्यावर फरशी घालतो.

घाईचे मोल महाराष्ट्राने मोजले आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे मातीचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले, पुणे बुडाले. धरण अपूर्ण असतानाच त्या पावसाळ्यात पाणी अडवले होते. भरावाखालून पाणी सोडणाऱ्या विमोचकाचे काम पुरे झालेले नव्हते, आणि नेमका त्याच्यावरचाच भराव खचत गेला. मातीच्या पोटातून बांधकाम जाते तिथे दोघांचे खचणे वेगवेगळे असते, ती जागा नाजूक असते. हे आपल्या भागात कळायला अवघड जाऊ नये. भंडारा-गोंदियाचे कोहळी लोक शतकांपूर्वीपासून तलाव बांधत आले, आणि पाळीतून पाणी सोडणाऱ्या तुडुमाची राखण हे दरवर्षीचे काम होते. आज त्या माजी मालगुजारी तलावांना आपण लाडाने मामा तलाव म्हणतो आणि पाळीवरची झुडपे उपटायला कोणी जात नाही. मुळे कुजली की त्यांच्या वाटेने पाणी जाते. एकटाच विळा घेऊन पाळीवर जाणारा म्हातारा दिसला तर मी त्यालाही माझ्या वेड्यांत धरतो.

कामठ्यापासून आमगाव दूर नाही. भूशास्त्रज्ञांनी तिथल्या अब्जावधी वर्षांच्या जुन्या खडकाला आमगाव नाईस असे नावच दिले आहे. आपण सगळे त्या जुन्या कातळाच्या मुलखात राहतो. फक्त तो कुठे चार फुटांवर लागतो, कुठे चाळीसवर, आणि मधल्या मातीचे म्हणणे खोदल्याशिवाय ऐकू येत नाही.

सकाळी तो घरमालक परत येतो. खड्ड्यातले पाणी जिरलेले असते, तळ काळपट दिसतो. मिस्त्री कालच्याच टणक जागेवर उतरतो आणि त्याचा पाय घोट्यापर्यंत आत जातो. तो पाय काढतो, कडेला पुसतो, वर बघतो आणि मजुराला म्हणतो, "कुदळ दे."