वकीलसाहेबांची गाडी गरम होते आहे

“ऐकून राहिली का? झाली सुरू,” काकू भिंतीपलीकडून म्हणाल्या.

कोपऱ्यावरच्या वकीलसाहेबांची गाडी फाटकात उभी, इंजिन चालू, आणि साहेब स्वतः अजून घरात, बहुधा मोजे शोधत.

“थंडीचे दिवस आहेत हो काकू. इंजिन गरम करतात ते.”

“भोपाळ आहे हे, शिमला नाही! कार्ब्युरेटरच्या गाड्यांना लागायचं ते. चोक ओढा, घुर्रघुर्र ऐकत बसा. इंजेक्शनच्या गाड्या येऊन पंचवीस वर्षं झाली, तरी यांचं चालूच. स्टार्ट केली, पट्टा लावला, निघालं. पहिले दोन-तीन किलोमीटर हळू न्यावी, इंजिन चालता चालता तापतं. लहान गाडीसुद्धा उभ्या उभ्या तासाला अर्धा-पाऊण लिटर पिते. दहा मिनिटांचं शंभर मिली धर. पेट्रोल शंभराच्या वर. रोजचे दहा-अकरा रुपये धुरात, महिन्याचे तीनशे. आणि परवा भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी भांडत होते!”

आमच्या काकू सत्तरीच्या, पण कोलार रोडवर गाडी स्वतः चालवतात. माहेर नागपूर, वडील एसटीत चालक. सासरचे १९५६ साली राजधानी नागपूरहून भोपाळला हलली तेव्हा सचिवालयाच्या फायलींबरोबर आले आणि इथलेच झाले. बोलण्यात निम्मी हिंदी शिरली तरी काकूंचं ‘करून राहिला’ काही सुटलं नाही. पेट्रोलचा विषय निघाला की त्या थेट वडिलांच्या डेपोत पोचतात.

“बाबांच्या डेपोत केपीटीएल चालायचं. दहा लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर. तीच गाडी, तोच रूट, तरी एका ड्रायव्हरचं केपीटीएल वर आणि दुसऱ्याचं खाली. बाबा म्हणायचे, डिझेल टाकीतून नाही, ड्रायव्हरच्या उजव्या पायातून जातं.”

“आमच्याकडे तर उलटंच,” मी म्हटलं. “कोलार रोड सहापदरी झाल्यापासून ह्यांना वाटतं अ‍ॅव्हरेज वाढायला हवं, पण घटलंय. कोलार गेस्ट हाऊसपासून गोल जोडपर्यंत पंधरा किलोमीटर गुळगुळीत रस्ता. खोदकामाची धूळ खाल्ली ती कशासाठी?”

“घटणारच! खड्डे होते तेव्हा तुझा नवरा चाळीसनं जायचा. आता मोकळं दिसलं की ऐंशी, मग सर्वधर्म पुलाकडे गर्दी दिसली की कचकन ब्रेक, पुन्हा ऐंशी, पुन्हा ब्रेक. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो. आणि ब्रेक मारला की पैसे मोजून कमावलेला वेग घासून फेकला. पुढची गाडी कितीही पळाली तरी सिग्नलला शेजारीच उभी असते. पळून मिळालं काय?”

ह्याला मी काय उत्तर देणार? परवाच एक पांढरी गाडी आम्हाला तीनदा ओव्हरटेक करून गेली आणि तीनही वेळा पुढच्या चौकात आमच्या नाकासमोर उभी. तिसऱ्या वेळी ह्यांनी काच खाली करून तिच्या ड्रायव्हरला नमस्कार केला.

पीसीआरए ही इंधन बचतीसाठी १९७८ साली सुरू झालेली सरकारी संस्था. तिचं सांगणं असं की ऐंशीऐवजी पंचेचाळीस ते पंचावन्नच्या वेगात गाडी चाळीस टक्क्यांपर्यंत जास्त चालते. आमच्या ह्यांना हे ऐकवलं तर म्हणाले, “म्हणजे मी बैलगाडी चालवू?” मी म्हटलं, बैलगाडीचं पेट्रोलचं बिल दाखवा, मग बोलू.

“तुमच्या काकांची खोड ठाऊक आहे का?” काकूंनी आवाज उगाच बारीक केला. काका आत पेपर वाचत होते आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं. “उतार दिसला की न्यूट्रल! स्कूटरवर शिकले ना. स्कूटरला ठीक होतं. आताच्या गाडीत गिअर टाकलेला ठेवून पाय उचलला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिनला चालू राहायला पेट्रोल लागतं. म्हणजे बचतीच्या नावानं खर्च. आणि ब्रेकवर सगळा भार, ते वेगळंच.”

“मग कोणत्या गिअरात?” आतून काकांचा आवाज.

“आधी बाहेर या, मग सांगते!”

ते आले नाहीत.

वरच्या गल्लीतल्या सूनबाईंचा विषय मीच काढला. सांची पार्लर गल्लीच्या तोंडाशी, चालत चार-पाच मिनिटं. त्या रोज गाडी काढतात, दुधाची एक अर्धा लिटरची पिशवी घेतात, परत येतात. गाडीचा मीटर अ‍ॅव्हरेज कमी दाखवतो म्हणून त्यांचं सर्व्हिस सेंटरशी भांडण चाललंय. गार इंजिन सगळ्यांत जास्त पितं आणि त्यांचं इंजिन बिचारं गरम व्हायच्या आतच फाटकात परत येतं. दोष गाडीचा नाही, पण हे त्यांना सांगणार कोण? मी तर नाही.

“आणि ते सकाळी सहाला पंपावर पळतात ते बँकवाले?” काकूंना आता रंग चढला. “म्हणे थंड पेट्रोल दाट, जास्त मिळतं. अगं, पंपाची टाकी जमिनीखाली पुरलेली. रात्र काय, दिवस काय, तिथं फारसा फरकच नाही. शंभरऐवजी एकशेदहाचं भरलं की चोरी होत नाही, हेही तेच सांगतात. संशय असेल तर पंपावर पाच लिटरचं माप असतं, समोर मोजायला लावा. ते नाही मागणार, लाज वाटते!”

“पण आता पेट्रोलच बदललं ना? ते वीस टक्के इथेनॉल.”

“ते खरं,” काकूंनी मान्य केलं. एका लिटर इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्श्यानं कमी. त्यामुळे थोडा फरक पडतोच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी सहा-सात टक्क्यांचा अंदाज दिलेला आहे, ई-टेनसाठी बनवून ई-ट्वेंटीला जुळवलेल्या गाड्यांसाठी एक-दोन टक्के. काकूंना आकडा तोंडपाठ नव्हता, पण मुद्दा पक्का होता: “थोडं सरकारनं नेलं असेल, पण उरलेलं तू कशाला दानात देते?”

मला विचाराल तर टायरमधली हवा ही सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किती हवा हवी ते लिहिलेलं असतं. पंक्चरवाला मात्र सगळ्यांना एकच आकडा भरतो, अंदाजानं. ती हवा गाडी थंड असतानाच मोजायला हवी, कारण चालून आल्यावर तापलेल्या टायरचा काटा फसवतो. काकू म्हणाल्या, त्या दर पंधरवड्याला बघतात. डिकीतला पसाराही काढून टाकतात. एसीबद्दल मात्र माझं त्यांच्याशी जुळलं नाही. त्या म्हणतात गावात काचा उघड्या ठेवा. मे महिन्यात बेचाळीस अंशांत चुनाभट्टीपासून कोलारपर्यंत काचा उघड्या? पेट्रोल वाचेल, पण मी वाचणार नाही.

“बरं, तुझ्या नवऱ्याला एकच कर म्हण,” काकू म्हणाल्या. “टाकी फुल करायची, किलोमीटर लिहून ठेवायचे. संपत आली की त्याच पंपावर पुन्हा फुल. किलोमीटर भागिले लिटर. गाडीच्या स्क्रीनवर विश्वास नको. एक टाकी त्याच्या पद्धतीनं, एक माझ्या. मग बोल म्हण.”

“ते तुमची पद्धत वापरतीलच असं नाही.”

“मग असं करू. रविवारी आपल्या मंडळाच्या मीटिंगला दोन गाड्या कशाला? एकीतच जाऊ. तू मागे बस, तुझा नवरा माझ्या शेजारी. काकांना म्हटलंय, तुम्ही पण मागेच. गाडी मी चालवणार.”

आतून पेपर दुमडल्याचा आवाज आला. “मी रिक्षानं येईन,” काका म्हणाले.